बंद पडलेल्या व्हीसीआरच्या जागी दुसरा घेताना: मशीन नका घेऊ, तिचे उरलेले तास घ्या



जुन्या लग्नाच्या कॅसेट पेनड्राइव्हमध्ये करून देण्याच्या जोडधंद्यावर मागे आपण व्हिडिओ केला होता. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच आहे. "सर, होता तो व्हीसीआर बंद पडला, आता दुसरा कोणता घेऊ?" व्हिडिओत याचं उत्तर दोन मिनिटांत उरकावं लागलं. इथे नीट पाहू. कागद-पेन जवळ ठेवा, कारण यात हिशेब आहे आणि तो तुम्हालाही करायचा आहे.

केस काय आहे

माझ्या बॅचमधला एक मुलगा चांदूर बाजारकडे फोटो स्टुडिओ चालवतो. घरातला जुना व्हीसीआर काढून त्याने हे काम सुरू केलं. एका कॅसेटचे ३५० रुपये. बोर्ड लावला, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस टाकलं आणि बघता बघता ३२ कॅसेट जमा झाल्या. प्रत्येकी १०० रुपये अ‍ॅडव्हान्स घेतला, म्हणजे ३,२०० रुपये. दिवाळीच्या आत देतो म्हणून शब्द दिला आणि व्हीसीआर बसला. चित्रावर नुसती बर्फासारखी खरखर, कॅसेट आत जाते ती बाहेर यायला कुरकुर करते.

आता त्याच्यापुढे चार रस्ते होते:

१. अमरावतीच्या जुन्या मेकॅनिककडून दुरुस्ती: २,२०० रुपये.
२. ऑनलाइन जाहिरातीतला "चालू कंडिशन" व्हीसीआर, न पाहता: ३,५०० रुपये.
३. सर्व्हिस केलेला, समोर चालवून दाखवणारा आणि महिनाभर जबाबदारी घेणारा विक्रेता: ९,००० रुपये.
४. मशीन घ्यायचीच नाही, सगळं काम नागपूरच्या लॅबला द्यायचं: त्यांचा रेट २५० रुपये कॅसेट.

तुम्ही काय केलं असतं? पुढे वाचायच्या आधी कागदावर एक आकडा लिहून ठेवा.

आधी बाजार समजून घ्या: ही वस्तू आता बनत नाही

मिक्सर बिघडला तर नवीन मिळतो. व्हीसीआरचं तसं नाही. व्हीएचएस ही पद्धत जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली बाजारात आणली. आपल्याकडे १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आलं आणि त्यानंतर व्हीसीआर गावोगावी पोचला. कलर टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीच्या भाड्याने आणायचा, तीन पिक्चर पाहायचे आणि सकाळी परत करायचा, हे तुमच्या आईवडिलांना विचारा, हसून सांगतील. पुढे लग्नाचं शूटिंगही याच कॅसेटवर होऊ लागलं.

मग सीडी आली, डीव्हीडी आली. जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची माहीत असलेली कंपनी म्हणजे जपानची फुनाई. एकेकाळी ही कंपनी वर्षाला दीड कोटी मशीन विकायची. २०१५ साली तो आकडा साडेसात लाखांवर आला आणि जुलै २०१६ मध्ये तिने उत्पादन बंद केलं. मागणी घटली होतीच, पण सुटे भाग मिळेनात हेही कारण होतं.

म्हणजे आज बाजारात जो कोणता व्हीसीआर आहे तो वापरलेला तरी आहे, नाही तर वर्षानुवर्षं पडून राहिलेला. डबाबंद मिळाला तरी आतलं रबर म्हातारं झालेलं असतं. त्यामुळे "सगळ्यात चांगलं मॉडेल कोणतं" हा प्रश्नच इथे चालत नाही. दहा वर्षं नुसतं झाकून ठेवलेलं भारी मॉडेल वाईट निघू शकतं आणि नियमित साफ केलेलं साधं मॉडेल छान चालू शकतं.

आपण विकत घेतो ते त्या मशीनमध्ये उरलेले तास. कंपनीचं नाव त्यानंतर. हे डोक्यात पक्कं बसलं की अर्धा निर्णय झाला.

तास कुठे खर्च होतात

मशीनच्या आत एक चकचकीत ड्रम असतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीत तो मिनिटाला १,५०० वेळा फिरतो, म्हणजे सेकंदाला २५ वेळा. त्याच्यावर बारीक व्हिडिओ हेड असतात आणि अर्धा इंच रुंदीची टेप त्यांना घासून जाते. हे हेड झिजले की चित्र गेलं. दुसरं म्हणजे रबराचे भाग: बेल्ट, आयडलर आणि टेप पुढे ओढणारा पिंच रोलर. हे कडक किंवा गुळगुळीत झाले की मशीन कॅसेट चावते. तिसरं, पॉवर सप्लायमधले कपॅसिटर.

रबर बदलता येतं, कपॅसिटर बदलता येतो. हेड झिजलं तर मात्र दुसऱ्या मशीनमधून काढून लावावं लागतं. त्या मुलाच्या मेकॅनिकने हेच सांगितलं होतं. बेल्ट बदलून देतो, पण हेड घासलंय, साफ करूनही खरखर राहणार. म्हणजे २,२०० रुपयांत मशीन चालू झाली असती, काम नाही.

कॅसेट ओळखा, मगच मशीन शोधा

पुष्कळ जण इथे गडबड करतात. गिऱ्हाईक "व्हिडिओ कॅसेट" म्हणून जे आणतं ते चार-पाच प्रकारचं असतं.

• मोठी पुस्तकाएवढी कॅसेट: व्हीएचएस. यासाठी व्हीसीआर किंवा व्हीसीपी. आपल्या कामाला रेकॉर्डिंग लागत नाही, त्यामुळे नुसता प्लेअर असलेला व्हीसीपीही चालतो. उलट त्यात चुकून गिऱ्हाइकाची कॅसेट पुसली जायची भीती नाही. व्हीसीआर असेल तर कॅसेटच्या कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी आधी तोडून घ्या, म्हणजे तिच्यावर रेकॉर्डिंग होत नाही. गिऱ्हाइकाला सांगून तोडा.
• छोटी व्हीएचएस-सी: अ‍ॅडॉप्टरमध्ये घालून त्याच मशीनवर चालते.
• व्हिडिओ-८, हाय-८, मिनी-डीव्ही: या व्हीसीआरमध्ये बसतच नाहीत. त्यांना त्या त्या प्रकारचा कॅमेरा लागतो.
• व्हीसीडी, डीव्हीडी: २००० नंतरची बरीच लग्नं यावर आहेत. यासाठी यूएसबीची बाहेरून लावायची डीव्हीडी ड्राइव्ह आजही नवीन, गॅरंटीसह मिळते. भांडवल कमी असेल तर धंदा इथूनच सुरू करा. डिस्कवर ओरखडे पडायच्या आत लोकांना ती कॉपी हवीच असते.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने पाठवलेली कॅसेट असेल तर ती एनटीएससी पद्धतीची असते. नुसत्या पाल मशीनवर ती नीट दिसत नाही, मल्टिसिस्टम मशीन लागते. बाहेरदेशातून आलेली मशीन घेताना मागची पट्टी वाचा. त्यावर २२०-२४० व्होल्ट लिहिलेलं हवं. जपान १०० व्होल्टवर चालतो आणि अमेरिका १२० वर. ती मशीन आपल्या सॉकेटमध्ये लावली की तिचे उरलेले तास शून्य.

त्या मुलाकडे ३२ व्हीएचएसशिवाय चार हाय-८ कॅसेटही आल्या होत्या. चार कॅसेटसाठी कॅमेरा शोधत बसण्यात अर्थ नव्हता. त्या त्याने सरळ नागपूरला दिल्या. सगळंच आपण केलं पाहिजे असं नाही.

आता हिशेब

हे आकडे त्याचे आहेत. तुमचे वेगळे असतील, पण पद्धत हीच.

एका कॅसेटची फी ३५० रुपये. वीज, साफसफाईचं सामान मिळून २० रुपये. कॅसेट चालू असताना माणूस बाकीचं काम करतो, पण लावणं, पाहणं, फाइल कापणं यात अर्धा तास जातो, त्याचे ४० धरले. पेनड्राइव्हचे पैसे गिऱ्हाईक वेगळे देतं. म्हणजे एका कॅसेटमागे हातात राहतात २९० रुपये.

३२ कॅसेट × २९० = ९,२८० रुपये.

• दुरुस्ती केली तर: ९,२८० − २,२०० = ७,०८०
• ऑनलाइन मशीन घेतली तर: ९,२८० − ३,५०० = ५,७८०
• सर्व्हिस केलेली घेतली तर: ९,२८० − ९,००० = २८०
• लॅबला दिलं तर: ३२ × १०० = ३,२००, त्यातून नागपूरच्या दोन खेपांचे ८०० वजा, म्हणजे २,४००

नुसता कागद पाहिला तर दुरुस्ती पहिल्या नंबरवर आणि ९,००० ची मशीन शेवटी. बीबीएला आम्हाला असे तक्ते भरपूर शिकवले. पण दुकानात बसल्यावर कळतं की तक्त्याला एक रकाना कमी आहे: मशीन मधेच फसली तर काय?

एका कॅसेटला सरासरी अडीच तास धरा. कॅसेटची नक्कल तिच्याच वेगाने होते, तीन तासांची कॅसेट तीनच तास घेते, तिला घाई चालत नाही. ३२ कॅसेट म्हणजे ८० तास. रोज पाच तास चालवली तर १६ दिवस. म्हणजे त्या मुलाला ८० तासांची खात्री विकत घ्यायची होती. दुरुस्तीत हेड झिजलेलं, त्यामुळे ती खात्री नाही. ऑनलाइन मशीन न पाहिलेली, त्यामुळे तिथेही नाही. उरले दोन: सर्व्हिस केलेली मशीन किंवा लॅब.

मशीनपेक्षा महाग काय आहे

त्या ३२ मध्ये पथ्रोटकडच्या एका ताईंची लग्नाची कॅसेट होती. त्यांचे वडील आता नाहीत. कॅसेट देताना त्या एवढंच बोलल्या, "भाऊ, बाबाचा फोटो हाये घरी, पन आवाज याच्यातच हाये."

सांगा, ही कॅसेट मशीनने चावली तर भरपाई किती द्याल? ३५० परत? ३,५०० दिले तरी काय होणार? दुसरी कॉपी जगात नाही. आणि ही गोष्ट चांदूर बाजारपासून परतवाड्यापर्यंत दोन दिवसांत पसरते. लहान गावात जाहिरातीला पैसे लागत नाहीत, बदनामीलाही नाही.

म्हणून ऑनलाइनची ३,५०० ची मशीन स्वस्त नाही. स्वस्त दिसते, कारण तिची जोखीम गिऱ्हाइकाच्या कॅसेटवर टाकलेली असते.

थांबून राहणं हाही उपाय नाही. टेपचा चिकटपणा सांभाळणारा थर दमट हवेने खराब होतो. आपल्या वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो, लगेच पावसाळा, आणि कॅसेट असते लोखंडी पेटीत किंवा माळ्यावर. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच इशारा दिला होता की २०२५ पर्यंत डिजिटल न झालेल्या टेप बहुतांशी हातातून जातील, कारण टेप खराब होतील आणि त्या चालवणाऱ्या मशीनही उरणार नाहीत. युनेस्कोनेही २०१९ मध्ये याच विषयावर जगभर विचारणा सुरू केली. मोठ्या संस्थांना हे अवघड जातंय, तर घरच्या पेटीतल्या कॅसेटकडे कोण पाहणार? तुमच्यासारखा गावातला स्टुडिओवालाच.

विक्रेत्याकडे गेल्यावर काय तपासायचं

सोबत स्वतःची एक चांगली चालणारी, पण गेली तरी चालेल अशी कॅसेट न्या. गिऱ्हाइकाची कॅसेट कधीही ट्रायलला लावायची नाही. हा नियम भिंतीवर लिहून ठेवा.

१. पाच वेळा कॅसेट आत-बाहेर करा. अडकणं, कुरकुर, अर्धवट बाहेर येणं, यातलं काहीही दिसलं तर रबर किंवा गिअरचं काम आहे.

२. किमान एक तास चालवा. थंड मशीन सगळ्यांचीच चालते. खरे दोष गरम झाल्यावर दिसतात. "पाच मिनिटं पाहा ना साहेब, मस्त आहे" म्हणणाऱ्याकडे चहा मागवा आणि तासभर बसा.

३. चित्र. खरखर असेल तर हेड साफ करायला सांगा. साफ केल्यावर गेली तर मळ होता. राहिली तर आधी ट्रॅकिंग फिरवून पाहा, तरीही राहिली तर हेड झिजलेलं समजा आणि मशीन सोडा.

४. आवाज. गाणं लहरत असेल, सूर वर-खाली होत असेल तर पिंच रोलर किंवा टेपचा वेग बिघडलेला आहे.

५. पूर्ण पुढे, पूर्ण मागे. शेवटाला मशीन आपोआप थांबली पाहिजे. ताणून धरत असेल तर टेप तुटते.

६. टेपची कड. कॅसेट बाहेर काढून झाकण उचला आणि टेपची कड पाहा. चुरगळलेली, दुमडलेली दिसली तर मशीन टेप चावतेय. हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

७. मागचे सॉकेट. पिवळा-पांढरा-लाल एव्ही आउट चालू हवा. एस-व्हिडिओ असेल तर उत्तम. फक्त अँटेनाची आरएफ पिन असलेली मशीन आपल्या कामाची नाही.

आणि आठवा मुद्दा मशीनबाहेरचा आहे: आधी मेकॅनिक ठरवा, मग मशीन. व्हीसीआर उघडता येणारे कारागीर आता अमरावती-अकोल्यात मोजकेच, वयाने साठीच्या पुढचे. त्यांच्याकडे जा, विचारा, "काका, तुमचा हात कोणत्या मशीनवर बसलाय? कशाचे भाग आहेत तुमच्याकडे?" ते जे सांगतील तीच तुमच्यासाठी सगळ्यात चांगली कंपनी. भाग शोधायला मुंबईचं लॅमिंग्टन रोड आहेच, पण दर वेळी तिकडे पळणं परवडत नाही.

त्या मुलाने काय केलं

त्याने ९,००० ची मशीन घेतली, पण त्याआधी एक काम केलं. सगळ्या ३२ कॅसेट उन्हाच्या उजेडात खिडकीतून तपासल्या. दोनमध्ये टेपवर पांढरी बुरशी होती. बुरशीची कॅसेट मशीनमध्ये गेली की हेड खराब होतं आणि तीच बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. त्या दोन त्याने प्लास्टिक पिशवीत वेगळ्या बांधल्या, गिऱ्हाइकांना फोन केला आणि अ‍ॅडव्हान्स परत दिला.

उरल्या ३०. ३० × २९० = ८,७००. म्हणजे मशीनचे पैसे निघायला ३०० रुपये कमी पडत होते. तरी त्याने घेतली, कारण अजून दोनच कॅसेट हव्या होत्या आणि बोर्ड बाहेर लागलेला होता. सहा-सात कॅसेट कमी पडल्या असत्या तर मी त्याला लॅबचाच रस्ता सांगितला असता. माझा नियम साधा आहे: जुन्या, उत्पादन बंद झालेल्या मशीनचे पैसे हातातल्या ऑर्डरमधूनच निघाले पाहिजेत. उद्या येणाऱ्या ऑर्डरवर नाही. नवीन मशीनला गॅरंटी असते, तिला उद्याचा भरवसा ठेवता येतो. हिला नाही.

जुना व्हीसीआर त्याने भंगारात दिला नाही. त्याचा पॉवर सप्लाय आणि मोटर चांगली आहे, ती सुट्या भागांसाठी ठेवली. पहिल्या मशीनवर आधी झालेला खर्च मात्र हिशेबात धरायचा नाही. तो गेला. "आधीच एवढे घातलेत, अजून थोडे घालू" या विचाराने दुकानं बसतात.

तीसच्या तीस कॅसेट दिवाळीच्या चार दिवस आधी दिल्या गेल्या. पथ्रोटच्या ताईंचीही. नवीन ऑर्डरचा रेट त्याने ४५० केला. एकही गिऱ्हाईक परत गेलं नाही.

काम करताना पाळायचं थोडक्यात

• हेड साफ करताना कानातली कापसाची काडी वापरू नका, तंतू अडकून हेड तुटतं. मऊ चामड्याचा तुकडा, आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि हात वर-खाली नाही, ड्रमच्या फिरण्याच्या दिशेने. आधी मेकॅनिककडून शिकून घ्या.
• कॅप्चर कार्ड पाल, ७२० × ५७६, २५ फ्रेमवर ठेवा. चित्राचा आकार ४:३ च ठेवा, ओढून रुंद करू नका. माणसं जाडी दिसतात आणि गिऱ्हाईक नाराज होतं.
• पिक्चरच्या कॅसेट घेऊ नका. त्याचे हक्क दुसऱ्याचे असतात. फक्त घरगुती शूटिंग.
• फाइल दिल्यावर एक महिना स्वतःकडे ठेवा. मूळ कॅसेट परत करताना सांगा की फेकू नका.
• पावतीवर हे छापा: "कॅसेट जुनी असल्याने चित्र-आवाजाचा दर्जा मूळ टेपवर अवलंबून राहील. बुरशी किंवा तुटलेली टेप आढळल्यास काम थांबवून आपणास कळवण्यात येईल." गिऱ्हाइकाला वाचून दाखवा, मग सही घ्या.

शेवटचं

हा धंदा आयुष्यभराचा नाही. कॅसेट संपणार, मशीनही संपणार. म्हणून याला मुख्य दुकान करू नका, स्टुडिओ किंवा झेरॉक्सच्या दुकानाला जोडा. कॅसेट घेऊन आलेलं गिऱ्हाईक जुना फोटो दुरुस्तीला देतं, फ्रेम करून घेतं, पुढच्या लग्नाची ऑर्डरही तुम्हालाच देतं.

आणि हा धडा व्हीसीआरपुरता नाही. जुनी झेरॉक्स मशीन असो, सेकंडहँड पिको मशीन असो की पिठाच्या गिरणीची मोटर, विचारायचे प्रश्न हेच आहेत. उरलेले तास किती? दुरुस्त कोण करणार? हातातल्या ऑर्डरमधून पैसे निघतात का? आणि ती फसली तर नुकसान कुणाचं?

आजचा गृहपाठ: तुमच्या दुकानातली एक मशीन निवडा. ती उद्या सकाळी बंद पडली असं धरा आणि वरच्यासारखे चार रस्ते, चार आकडे आणि तो पाचवा रकाना भरून वहीत लिहा. बंद पडण्याच्या आधी लिहिलेला हिशेब थंड डोक्याचा असतो.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर पेटी उघडा आणि घरच्या कॅसेटला एकदा हवा दाखवा.